अर्धे विका, अर्धे ठेवा

रेवसची लाँच धक्क्यापासून सुटली आणि वाऱ्यानं माझ्या मांडीवरचे कागद उडवले. एक थेट समोरच्या तरुणाच्या छातीवर जाऊन चिकटला. त्यानं तो सोडवला, वाचला... आणि गालात हसला.

"रेडिओ कंपनीचे शेअर? तुमचे?"

"बाबांचे होते. आता आईच्या नावावर आहेत."

बाबा मुंबईत त्याच कारखान्यात होते. आता ट्रान्झिस्टरचे दिवस आले होते, आणि कंपनी अजून ते जुने अवजड रेडिओच बनवत होती. भाव रोज घसरत होता. दादाच्या होडीला इंजिन घ्यायचं ते याच शेअरांवर. म्हणून मी ते विकायला मुंबईला निघाले होते, पण जिवाला चैन नव्हती.

"वर्तमानपत्र म्हणतं, आजच विका. हे दलालांचं पत्रक म्हणतं, थांबा, नवा ट्रान्झिस्टर येतोय. कुणाचं ऐकू?"

"वर्तमानपत्रवाल्यांनी तो ट्रान्झिस्टर पाहिलेला नाही. आणि पत्रकवाल्यांकडे स्वतःचेच ढीगभर शेअर आहेत. ते कशाला विका म्हणतील?"

"तुम्हांला काय ठाऊक?"

त्याचे कान लाल झाले. "ते पत्रक मीच टाइप केलंय. मी रघू, त्याच दलालांच्या पेढीत नोकरीला आहे. साहेबांना सांगू नका हं!"

मला हसू फुटलं. "मग तुमचं मत?"

त्यानं कागदाची घडी घालून ती माझ्या हातात दिली. "अर्धे विका, अर्धे ठेवा. पण... छातीठोक नाही सांगता येत."

"या लाँचनं नेहमी येता?"

"नाही. पेढीच्या कामासाठी आलो होतो. पण आता येईन म्हणतो—"

मी झटकन मान वळवली. गाल मात्र उगाच तापले.

मी अर्धेच विकले. मग दर रविवारी तो रेवसला येऊ लागला. भाव सांगायला, म्हणे! धक्क्यावर उभ्या उभ्या बोलायचा आणि परतीच्या लाँचनं जायचा.

पावसाळ्यात लाँच बंद झाली. नवा ट्रान्झिस्टर काही आला नाही, भाव पार कोसळला. रघूचं पत्र नाही, निरोप नाही. शाळेत मुलांना पाढे सांगताना माझी नजर खिडकीबाहेर, खाडीकडे.

आई सुकी मासळी निवडता निवडता म्हणायची, "त्याचं ऐकलंस नि अर्धं बुडवलंस गो मैना. आता तो काय येत न्हाय."

बुडाल्याचं नाही, तो येणार नाही हेच मला लागायचं.

नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवला, लाँच सुरू झाली. दोन रविवार रिकामे गेले. तिसऱ्या रविवारी तो उतरला आणि लांबच उभा राहिला.

"चुकलो मी," तो खालमानेनं म्हणाला. "सगळेच विका म्हणायला हवं होतं. कोणत्या तोंडानं येणार?"

"मग आज कसे आलात?"

"राहवेना..."

"मी भावाची वाट बघत नव्हते," मी म्हटलं.

त्यानं वर पाहिलं. "मैना... लग्न कराल माझ्याशी?"

"आधी आईला भेटा."

"रागावतील?"

"खूप रागावेल," मी घराकडे वळत म्हटलं. "मग जेवायला वाढेल. चला."