ठोक्यांच्या मधला आवाज

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत खरंच घडलंय. शेवटी तर मी स्वतः तिथे होतो.

मंगळवार होता. दुपारचे साडेतीन. तळघरातला तिचा स्टुडिओ. जाड दार लावलं की बाहेर आभाळ कोसळलं तरी आत कळत नाही.

ताई गाण्यांचं मिक्सिंग करते. त्या दिवशी तिच्यासमोर धाकट्या भावाने वाजवलेल्या ड्रमचं रेकॉर्डिंग होतं. त्याला सगळे ठोक्या म्हणायचे. दिसेल त्या वस्तूवर वाजवत सुटायचा. आठ महिन्यांपूर्वी अपघातात गेला.

त्याच्या चार दिवस आधी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. ठोक्या वाजवताना पुटपुटायचा, मात्रा मोजायचा, ते सगळं माइकमध्ये जायचं. ताई ते कापायची.

"तू ठोके साफ करत नाहीस, मलाच पुसतेस."

"मग वाजवताना थोबाड बंद ठेव."

हे तिचे त्याच्याशी शेवटचे शब्द. तेव्हापासून ती सतत धुमसत असायची. त्याच्यावर, स्वतःवर, समोर येईल त्याच्यावर.

मावशीचं एकच मागणं होतं. "त्याचं पुटपुटणं तेवढं मला काढून दे गं. त्याचा आवाज आणखी कुठेच नाही." ताई म्हणायची, आधी काम संपू दे.

तर तिने रेकॉर्डिंगला गेट लावलं. म्हणजे ठोका पडला की आवाज सुरू, ठोका विरला की बंद. मधलं सगळं गायब. आधी त्याच्या स्टुलाची करकर गेली.

आणि... तिच्या पाठीमागे स्टूल करकरलं.

खोलीत स्टूल नव्हतं.

तिने दुर्लक्ष केलं. पुढच्या माइकवरून श्वास कापला.

मागे कुणीतरी श्वास सोडला... रागावलेला माणूस नाकातून सोडतो तसा.

घाबरायचं सोडून तिचं डोकंच फिरलं. "मेल्यावरही खोड जात नाही तुझी," म्हणाली आणि मोजणंही कापलं.

"एक... दोन... तीन..."

अगदी कानाशी.

आता मात्र तिने गेट काढलं. सगळं परत यायला हवं होतं. आलं नाही. मूळ रेकॉर्डिंग उघडलं, जपून ठेवलेली दुसरी प्रत उघडली. ठोके होते... मध्ये नुसती शांतता. गेट मूळ रेकॉर्डिंगला हातही लावत नाही, हे या धंद्यातला कुणीही सांगेल.

त्याच्या आवाजाचं जे काही उरलं होतं, ते आता फक्त त्या खोलीत होतं.

शनिवारी सकाळी ताईने मावशीला तिथे नेलं. एकटीची हिंमत होईना, म्हणून मलाही. मावशी खुर्चीत बसली. दार बंद झालं.

मग तो बोलला. मोजत नव्हता. दात आवळून ताईशी बोलत होता. मी ऐकलं. ताईनेही ऐकलं.

मावशी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "बोलतोय का गं? मला मेलीला काहीच ऐकू येत नाही. काय म्हणतोय?"

ताई तिच्या पायाशी बसली. "विचारतोय, गोळ्या वेळेवर घेतेस ना."

"घेते रे बाळा," मावशी रिकाम्या कोपऱ्याकडे बघून म्हणाली.

आता ती दर शनिवारी जाते. दर शनिवारी ताई तिला एक गोड निरोप बनवून सांगते.

तो खरं काय म्हणाला, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. इथेही सांगणार नाही. आईने ऐकावं असं ते नव्हतं.

परवा मावशीचा फोन आला. फार खुशीत होती.

म्हणाली, "या वेळी मला थोडं थोडं ऐकू आलं रे..."