डावा पीळ

हिलारियो पाथरवट होता आणि भिंत सरळ आहे का ते दाखवणाऱ्या ओळंब्यावर त्याचा जितका विश्वास होता तितका कोणावरच नव्हता. डोंगरावरच्या वामानपाताच्या पडक्या नगरीत तो सोळा वर्षं सरकारी डागडुजीवर होता. इंकांच्या भिंतींतला सैल झालेला दगड उतरवायचा, त्यावर खडूने नंबर घालायचा आणि पुन्हा त्याच खाचेत बसवायचा, हे त्याचं काम. तिथल्या भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना तो म्हणायचा, मी रोज तिथे जेवतो, मला अजून कोणी मीठसुद्धा मागितलेलं नाही.

जूनमध्ये त्याची बायको सातुका त्याचं जेवण घेऊन वर आली आणि वरच्या चौकात घसरून पडली. लागलं काहीच नाही. पण त्या दिवसापासून तिची झोप उडाली आणि अन्नावरची वासनाही गेली. शहरातल्या डॉक्टरने एक्स-रे काढले, रक्त तपासलं, आणि सगळं ठीक आहे, नीट जेवत जा, असं सांगून घरी पाठवलं. ऑगस्टपर्यंत तिचा घागरा कमरेभोवती दीड वेढा बसू लागला. ती हातची जाते आहे हे हिलारियोला दिसत होतं, आणि त्या भीतीपुढे ओळंबा काही कामाचा नव्हता.

सासू म्हणाली, धसक्याने हिचा जीव वरच राहिलाय, जा आणि हाक मारून आण. त्याचे नियम गावात पोराटोरांनाही ठाऊक होते. पडल्या जागी तिची शाल पसरायची, कोकाची तीन पानं ठेवायची, मक्याची दारू जमिनीला पाजायची, नावाने हाक मारायची. मग शालीचं गाठोडं पाठीवर बांधायचं. घर येईपर्यंत ते खाली ठेवायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही.

रविवारी दुपारी दोघं निघाली. सातुका चढावर घडोघडी बसत होती. लहानपणी मोडलेला तिचा डावा घोटा वाकडा जुळला होता, त्यामुळे ते पाऊल ती थोडं ओढायची. टायरच्या चपलेची ती फरफट हिलारियोला बाजाराच्या गर्दीतही ओळखू यायची.

"सोळा वर्षांत माझं ओझं कधी उचललं नाहीस," ती दम घेत म्हणाली. "आता निघालायस, तर मी अंगात नाही."

वर पोचल्यावर त्याने सगळं रीतसर केलं. बायकोच्या देखत रिकाम्या चौकात बायकोलाच हाका मारताना तो ओशाळला. सातुका, चल, घरी चल, असं तीनदा म्हणाला. वारा नव्हता. शालीची एक कड उचलली गेली आणि पुन्हा खाली बसली. त्याने गाठोडं बांधलं.

उतरताना सातुका पुढे होती, तो मागे. पाठीवर शाल कोमट लागत होती, उन्हाने असेल. थोड्या वेळाने त्याला मागून पावलं ऐकू आली, एक ठाम, एक ओढतं. सातुका तर समोर दिसत होती. दगडी भिंतींत आवाज घुमतो हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी त्याला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

खालच्या भिंतीत एकेचाळीस नंबरचा दगड बोटभर बाहेर आला होता. शनिवारीच बसवलेला. आणखी सरकला असता तर वरची रांग खाली आली असती. हिलारियोचे हात डोक्याच्या आधी हलले. पाठीवर गाठोडं असताना नीट जोर लावता येईना, म्हणून त्याने ते शेजारच्या कोनाड्यात ठेवलं. "थांब जरा," तो म्हणाला, "हा एवढा दगड बसवू दे." सातुका वळणापलीकडे गेली होती, तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

दगड बसला. त्याने गाठोडं उचललं. ते आता गार होतं, आणि जड.

मागची पावलं पुन्हा सुरू झाली. दोन्ही ठाम.

त्याने वळून बघितलं नाही. नियमच तसा होता.

घरी सातुकाने शाल पांघरली. ती वाळवल्या बटाट्याचं सूप दोन वाडगे प्यायली आणि झोपली. महिन्याभरात अंगाने भरली. डावा पायही सरळ पडू लागला, आणि गाव म्हणालं, बाईचं सोनं झालं. हिलारियोने कोनाड्याची गोष्ट कोणाला सांगितली नाही. त्याने स्वतःहून खालच्या दगडखाणीवर बदली मागून घेतली आणि पुन्हा वर गेला नाही. ती वाचली याचा त्याला आनंद होता. पण चपलेची ती फरफट ऐकायला तो कान देऊन बसायचा आणि मग त्याला स्वतःचीच लाज वाटायची.

ऑक्टोबरात सासू लेकीला बघायला आली. सातुका दारात टकळीवर लोकर कातत होती. म्हातारी बराच वेळ तिच्या बोटांकडे बघत राहिली. त्या मुलखात लोकरीला पीळ उजवा देतात. डावा देतात तो फक्त मढ्याच्या कमरेला बांधायच्या दोरीला. म्हातारीने पुढ्यातला सुपाचा भरला वाडगा तसाच ठेवला.

"कोणासाठी कातते आहे ही?" तिने जावयाला हळूच विचारलं, आणि उत्तरासाठी थांबली नाही. ती पुन्हा त्या घरी आली नाही.

पुढच्या आठवड्यात नगरीचा पहारेकरी पास्तोर अंगणात येऊन उभा राहिला. आत टकळी फिरत होती.

"मिस्त्री, रागावू नका," तो म्हणाला. "बाईंना एकदा येऊन घेऊन जा."

"कुठून?"

"वरून. रोज दुपारी खालच्या भिंतीतल्या कोनाड्यात बसलेल्या असतात. उठवलं तर पाय ओढत चार पावलं येतात आणि परत जाऊन बसतात. म्हणतात, त्याने थांब सांगितलंय." पास्तोरने टोपी काढून हातात फिरवली. "काल मला म्हणाल्या, विचार त्याला, दगड बसला का."

आत टकळी थांबली.

मग दाराकडे पावलं आली, दोन्ही टाचा सारख्या पडत.