चौदा बाय अठरा

कारापूरच्या नव्या घरात येऊन तीन महिने झाले, तरी हॉलची मोठी भिंत उघडीच होती. सेजलला तिथं चोपड्याच्या नदीतल्या होड्यांचं चित्र हवं होतं, मला देवळाच्या भिंतीवर असतो तसा तांबड्या कावीतला मोर. नवराबायकोचा रोज जेवताना तोच वाद. आईचं तिसरंच, भिंत दक्षिणेची म्हणून.

"थंय सोबेचां कायच लायू नकात. ती दक्षिणेची वणत. थंय गेल्ल्यांचे फोटो लायतत."

"हांगा कोणूच गेल्लो ना, आई."

म्हणालो खरं, पण नजर बाबांकडे गेली. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून ते त्याच भिंतीखाली खुर्ची टाकून बसत.

एका सोमवारी भिंतीवर, बाबांच्या डोक्याच्या वर, फिकट चौकोन दिसला. वर्षानुवर्षं टांगलेली तसबीर काढली की उरतो, तसा. भिंतीचा रंग तीन महिन्यांचा! बांधकामाच्या साइटवर मापं घेण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत, टेप लावली. चौदा बाय अठरा इंच.

रंगाचे दोन हात मारून घेतले. तिसऱ्या दिवशी चौकोन परत हजर. आता वर खिळ्याचं भोकही होतं आणि खाली झेंडूच्या हाराचं पाणी ओघळावं तसा पिवळट डाग. कंत्राटदार म्हणाला, ओल असेल. एप्रिलात ओल! मी त्याला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

झाकून टाकू म्हटलं. सेजलच्या होड्यांना डिचोलीच्या रघुनाथकडून बरोबर चौदा बाय अठराची फ्रेम करून घेतली. टांगली. चारी बाजूंनी दोन बोटं चौकोन बाहेर. उतरवून दोन्ही मोजले. माप तेच. पुन्हा टांगली. दोन बोटं बाहेर.

मोर आणला, वीस बाय चोवीस. त्याच्याही बाहेर दोन बोटं. मी स्टुलावर उभा राहून भिंतीला शिव्या देत होतो आणि सेजल खालून म्हणत होती, "परेश, पुरे आता."

आईनं खुर्ची हलवली. बाबांनी ती पुन्हा तिथंच ओढून नेली.

"माका हांगाच बरां. वारो येता," ते म्हणाले. एवढी खुर्ची ओढताना त्यांना धाप लागली होती.

आणखी एक फ्रेम करून घ्यायला पुन्हा रघुनाथकडे गेलो. त्याच्या दुकानात वारलेल्या माणसांचे फोटो ओळीनं लावलेले, प्रत्येकाखाली नाव आणि गेल्याची तारीख. पुन्हा तेच चौदा बाय अठरा ऐकून तो घुटमळला.

"ह्या माप तसल्या फोटोचा. कोणाचो करूंचो? तुमच्या बाबांचो?"

माझं डोकंच फिरलं. "बाबांचं नाव काढू नकोस! माझो कर! माझो!"

दुकानातली माणसं बघायला लागली. मी तसाच निघून आलो.

घरी येऊन वैतागानं पहिलंच चित्र, होड्यांचं, पुन्हा टांगलं.

बरोबर बसलं.

केसाइतकाही चौकोन बाहेर नव्हता. सेजलनं टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी बाबा काठी न घेता देवळापर्यंत चालत गेले आणि आले. आठ दिवसांत त्यांची धाप गेली. मी इतका सुखावलो होतो, की मोराचं नावसुद्धा काढलं नाही.

आईनं मात्र चित्राकडे एकदाही पाहिलं नाही. ती माझ्याकडे बघत राहायची.

काल दुपारी रघुनाथचा फोन आला.

"परेशबाब, फोटो तयार आसा. केन्ना व्हरूंक येतात?"

"कसलो फोटो?"

"तुमचो. दुसऱ्या दिसा तुमीच फोन केल्लो मगे. नांव, तारीख, सगळां सांगलां तशां घातलां."

मी फोन केला नव्हता.

समोर बाबा होड्यांखाली बसून पेपर वाचत होते. श्वास अगदी संथ.

"बरां," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

इंच-इंच मोजून घेणारा माणूस मी. तारीख कुठली, ते विचारलं नाही.