रिकाम्या खुर्चीचं वजन

मामांची उभी हयात वर्तमानपत्राच्या फोटोविभागात गेली. फोटो आवळून लहान फाइलीत बसवायचा, पण त्यातला कणही हरवू द्यायचा नाही, ही त्यांची खोड. निवृत्तीनंतरही ती सुटली नव्हती.

"जादू नाही गं त्यात," ते भाचीला सांगत. "सपाट भिंत दिसली की संगणक म्हणतो, 'पुढंही असंच', आणि मोकळा होतो. म्हणून नुसत्या भिंतीची फाइल पिसासारखी. माणूस आला की केस न् केस लिहावा लागतो. ती फाइल जड."

मामी गेल्यावर भाचीनं त्यांना आपल्याकडे राहायला बोलावलं. तिच्याकडच्या खोलीत पलंगच जेमतेम मावत होता. तेव्हा मामींची वेताची खुर्ची विकायची ठरली. जाहिरातीसाठी मामांनी खिडकीजवळ तिचा फोटो काढला.

फाइल जड निघाली. त्याच खुर्चीत, त्याच भिंतीपुढं मामी बसल्या असतानाच्या जुन्या फोटोची होती, अगदी तेवढीच.

मामांनी भिंग पुसलं. खुर्ची हलवून भिंतीचा फोटो काढला. पीस. खुर्ची परत ठेवली. जड. मोठा करून कोपरान् कोपरा धुंडाळला. वेत, उशी, ऊन. दुसरं काही नाही.

खरं तर भ्यायला हवं होतं. मामांनी चहा केला आणि आपली खुर्ची तिच्या शेजारी आणून ठेवली. नाटकाला मामी नेहमी पुढं जात, शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून ती अडवत. मामा घंटा झाल्यावर धापा टाकत पोचत.

रविवारी सकाळी भाची आली. "मामा, जाहिरात कुठंय? तीही आवळून ठेवलीत का?"

मामांनी सगळं सांगितलं. ती हसली. "धूळ असेल. मी काढते, बसा तुम्ही."

मामा आपल्या खुर्चीत बसले. फाइल आली ती दोन माणसांएवढी.

"तुमचं पोट धरलंय त्यात," भाची म्हणाली. "उठा आता. दोन्ही खुर्च्या विकू, आणि हे स्टूलही." स्वतः बसली होती ते स्टूल तिनं खुर्च्यांच्या रांगेत ओढलं. "आधी नुसत्या खुर्च्या घेते."

मामा उठून तिच्या मागं उभे राहिले. तिनं बटण दाबलं.

फाइल तसूभरही हलकी झाली नव्हती.

तिनं हातरुमालानं भिंग पुसलं. पुन्हा दाबलं.

तेवढीच.

"मामा..."

"अडवून ठेवलीय तिनं," मामा म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा निवांत दिसत होता. "खुर्च्या इथंच राहू देत. मीही इथंच बरा."

रांगेतलं आपलं स्टूल भाचीनं पायानं हळूच मागं सरकवलं, पार दाराबाहेर.