नव्वदाव्या दिवसाची पाहणी

काम साधं होतं. दुपारी तीनला एका घराची पाहणी करायची, कागदावर सही करायची, परत यायचं. परदेशात कायदा शिकून मी नुकतीच परतले होते. माणसाचा हक्क कोणी पुसू शकत नाही, यावर माझा ठाम विश्वास होता. आजही आहे, फक्त त्या दुपारपासून तो जरा वेगळ्या कारणानं आहे.

धर्मावरून प्रदेशाची वाटणी झाली आणि आमच्या गल्लीतली अर्धी घरं आठवड्यात ओस पडली. नियम असा, की नव्वद दिवस ज्या घरात कोणी राहत नाही, ते मागेल त्याला द्यायचं. हे घर शेजारच्या शिंपीमास्तरांनी मागितलं होतं. घरमालकाची सीमेपलीकडे गेलेली मुलगी मदतपथकाच्या हाती चिठ्ठी पाठवून म्हणत होती, बाबा आमच्याबरोबर आलेच नाहीत, घर सोडणार नाही म्हणाले. मी तिच्या वतीनं हजर होते.

"म्हातारा केव्हाच पलीकडे गेला हो," मास्तर पाहणी अधिकाऱ्यांना म्हणाले. "या ताईंना पुस्तकातलं सगळं खरं वाटतं."

त्यांनीच कडी काढली. कोंदट वास आला. जमिनीवर बोटभर धूळ होती आणि तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. साहेब 'रिकामे' असं लिहायला लागले, तोच आतल्या खोलीत कोणीतरी खोकलं. सावकाश, म्हातारी माणसं खोकतात तसं. मग खाट करकरली.

साहेबांचं पेन थांबलं. "कोण आहे?"

आतून आला नुसता श्वास... ओढून ओढून घेतलेला.

"कोणी नाही," मास्तर पुटपुटले. चेहरा पांढराफटक. "असूच शकत नाही..."

"का?" मी विचारलं. "तुम्हाला कसं माहीत, मास्तर?"

एक वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते बोलले असते तर घर रिकामं ठरलं असतं, आणि मास्तर फासावर गेले असते.

"आत जाऊन बघता?" साहेबांनी हळूच विचारलं.

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. आत आम्हीही गेलो नाही. साहेबांनी 'एक इसम राहतो' असं लिहिलं, आणि मास्तरांनी साक्षीदार म्हणून खाली सही केली.

घर वाचलं. मुलीला मी अजून कळवलं नव्हतं, मदतपथकाच्या पुढच्या फेरीची वाट पाहत होते. टपाल वाटणीच्या दिवसापासून बंद आहे. आठवड्यानं मदतपथकातल्या एका नर्सनं तिचीच चिठ्ठी आणून दिली.

'ताई, बाबांचं पत्र मिळालं. तुमचे आभार मानलेत. मागच्या अंगणातली नवी फरशी तेवढी उचलायला सांगा म्हणतात. छातीवर भार येतो.'