पिल्लासाठी आवरलेलं घर

सिग्नलला शेजारच्या बाईकवाल्याच्या जॅकेटमधून आधी एक काळं नाक बाहेर आलं, मग दोन डोळे. मला हसू आवरेना. “अहो, कोणीतरी टक लावून बघतंय माझ्याकडे!”

“त्याला रागवू नका,” तो आरशातून बघत म्हणाला, “मीही मघापासून तेच करतोय.”

काय हा आगाऊपणा! सिग्नल सुटला, आणि मी... पिंपळे सौदागरला वळायचं सोडून त्याच्या मागोमाग सांगवीच्या जनावरांच्या दवाखान्यात पोचले. कुत्र्यासाठी हं!

त्याचं नाव बुद्धरत्न. चाकणच्या एका कंपनीत नोकरी. पिल्लू कँटीनमागे सापडलेलं. “महिनाभर मी सांभाळतो, लस होऊ दे. तोवर तुम्ही घर तयार करा.” मी पिल्लू मागितलं कधी होतं? पण मान हलवली खरी.

मग सेकंड शिफ्टला निघण्याआधी रोज फोन. वायरी वर बांध, फिनेलची बाटली कपाटात ठेव, चपला वर उचल... या धड्यांमध्ये ‘अहो’चं ‘अगं’ कधी झालं, कळलंच नाही.

“आणि घरच्यांना आधी सांग, करिष्मा. अचानक दारात नेलं की पिल्लूही बावरतं, माणसंही.”

आजी उसळलीच. “देवघरात कुत्रं फिरनार व्हय? न्हाई जमायचं!”

“खंडोबाजवळ कुत्रं चालतं, आपल्याकडे नाही?”

आठवडाभर फुरंगटून शेवटी तिनंच जुन्या लुगड्याचा तुकडा दिला, पिल्लाला घराचा वास ओळखीचा व्हावा म्हणून. कुरकुरत का होईना, पप्पांनी गॅलरीला जाळी ठोकली.

तो तुकडा मी सांगवीच्या पुलाजवळ बुद्धरत्नला दिला. त्यानं हुंगून बघितला. “तुमच्या घराला मेथीचा वास येतो.”

“काहीतरीच!”

“मला चालेल... आयुष्यभर.” मग तुकडा खिशात ठेवत, “माझ्याबद्दल बोललीस घरी?”

“पिल्लू घेऊन येशील ना, तेव्हा तुझ्यासमोरच सांगते. शप्पथ!”

रविवारी तो आला. कडक इस्त्रीचा शर्ट, कुशीत पिल्लू. पप्पा तर लहान मूलच झाले. आजीनं, दारात येणाऱ्या प्रत्येकाला विचारते तसं, त्यालाही विचारलं, “आडनाव काय म्हनायचं, बाळा?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. बोलायची वेळ हीच होती. तो आमच्यातला नाही, हे कळल्यावर घरात काय वादळ उठेल ते डोळ्यांपुढे आलं, आणि माझ्या तोंडून निघालं, “अगं आजी, ते फक्त पिल्लू द्यायला आलेत. त्यांना शिफ्टला जायचंय.”

त्या दिवशी त्याची सुट्टी होती.

“हो... निघतो,” तो म्हणाला. “पहिले दोन दिवस रडेल ते. एकटं ठेवू नका.”

मी जिन्यापर्यंत धावले. “ऐक ना रे—”

“कुत्र्यासाठी अख्ख्या घराशी भांडलीस, करिष्मा. माझं नुसतं नाव घ्यायचं होतं.” आवाज चढला नाही त्याचा, म्हणून जास्तच लागलं.

नंतर मी फोन केला की तो नीट बोलायचा आणि लवकर ठेवायचा. मी तरी घरी कुठे तोंड उघडलं? भित्री कुठली! सात महिने गेले. मग एका दुपारी आई कुठल्यातरी स्थळाचा फोटो घेऊन आली, आणि माझा बांध फुटला. नाव, आडनाव, जात, सगळं सांगून टाकलं. पप्पांनी भरलं ताट बाजूला सारलं. आठवडाभर घरात कोणी कोणाशी बोलेना.

शेवटी आजीच म्हणाली, “त्या दिशी का न्हाई बोललीस गं? आमी वरडलो असतो. वरडून वरडून किती वरडनार?”

दुसऱ्या दिवशी पप्पा म्हणाले, “बोलव त्याला. बघू.”

मी लगेच आत जाऊन फोन लावला.

“करिष्मा...” बुद्धरत्न म्हणाला, “पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं. साधना नाव तिचं. पहिल्यांदा तिच्या घरी गेलो ना, तर तिचे वडील दारातच म्हणाले, ‘या बुद्धरत्न, पोरीनं सांगितलंय तुमच्याबद्दल.’”

“छान झालं,” मी म्हणाले. एवढं एकच वाक्य जमलं. फोन ठेवला आणि ओढणी तोंडात कोंबून रडले.

बाहेरच्या खोलीतून पप्पांनी विचारलं, “काय गं, कधी येतो म्हणाला?”