भरल्या टाकीची उपासमार

साहेब, चौकशी तुम्ही केलीच नाहीत. निकाल आधी लिहिलात आणि त्याला शोभेल असा जबाब मागून शोधलात. तुमचं नाव इथे लिहीत नाही, गोष्टीत तुम्ही नुसते 'साहेब' आहात. वाचताना तुमची तुम्हाला ओळख पटेलच.

उद्यानखात्याचा तीस वर्षांचा ट्रॅक्टर पाण्याचा भरलेला टँकर ओढत पडाव भागातल्या पुलावर चढत होता. मध्येच इंजिन बंद पडलं. टँकरनं ट्रॅक्टरला मागे खेचलं आणि एका ई-रिक्षावाल्याचा पाय मोडला. दोषी ठरले ड्रायव्हर महिपतराव. उद्यापासून नोकरी बंद, वर पोलिसांत तक्रार.

त्यांची बायको मंदाताई अहवाल घेऊन खासगी तपासनीस विनिता खळेकडे आली. विनिताचे मामा नाना तिथेच बसले होते. ते तिच्याबरोबर सगळीकडे जायचे आणि सगळीकडे घाई करायचे.

"यात काय शोधणार?" नाना म्हणाले. "ह्यांच्याच सहीचा जबाब आहे, सरकारी हिंदीत. 'मैंने चेष्टा नहीं की।' म्हणजे थांबवायचा प्रयत्नच केला नाही."

"वाचून सही केली?" विनितानं विचारलं.

"दोनदा वाचून," मंदाताई म्हणाली. "बरोबर लिहिलंय म्हणाले."

तिघं कंपू भागातल्या खात्याच्या आवारात पोचले. महिपतराव उलट्या बादलीवर बसले होते.

"ब्रेक मारला होता?"

"उभा राहिलो ब्रेकवर. भरला टँकर, ऐकतोय कुणाचं?"

"याआधी बंद पडायचा?"

"दोन आठवडे झाले. डिझेलची टाकी गळ्यापर्यंत भरली की वीस मिनिटांत बंद. अर्धी असली की उशिरा."

"उलटंच आहे," नाना पुटपुटले. "भरल्या पोटी कोण उपाशी मरतो?"

मेकॅनिक समरजीत वैतागलेलाच होता. "ताई, फिल्टर बदलला, पाइप साफ केले. और क्या करूं? बंद पडला की मी जातो, ढक्कन खोलून डिझेल बघतो, सेल्फ मारतो, चालू. ड्रायव्हरचीच गडबड आहे."

"साहेबांनी तपासला तेव्हा?"

"त्यांनीही ढक्कन काढून आत बघितलं. मग एकदम फर्स्ट क्लास चालला."

विनितानं डिझेलच्या टाकीच्या झाकणावरून बोट फिरवलं. मधोमध काळा, वाळलेला गोळा होता.

"हे?"

"सील. टँकर भरताना पाणी उडून डिझेलमध्ये जायचं. स्टोअरमधून पद्माताईंनी दिलं, मी लावलं."

स्टोअरच्या पद्माताईंनी फाइलच पुढे सरकवली. "मी मनानं काही देत नाही. वरून आदेश आला, सगळी झाकणं छिद्ररहित करा. तारीख बघा. दोन आठवडे."

जबाब लिहिणारा कारकून अंशुल खाली बघत बोलला. "महिपतराव मराठीत बोलून राहिले होते. गाडी आपोआप बंद पडली म्हणाले तर सब हंसने लगे. मग ते जे बोलले ते मी वैसा का वैसा लिहिलं."

"घरी मराठी बोलता?"

"आजी होती तोपर्यंत."

दुपारी विनितानं साहेबांना आवारात बोलावलं. टाकी गळ्यापर्यंत भरली, झाकण घट्ट लावलं, ट्रॅक्टर चालू करून रेस वाढवली. साहेब घड्याळ बघत राहिले. एकोणिसाव्या मिनिटाला इंजिन अडखळलं आणि गप्प झालं.

समरजीतचा हात झाकणाकडे गेला.

"थांब. सगळे इथेच चुकलात. आधी सेल्फ मार."

चार वेळा मारला. इंजिन उठलं नाही. मग विनितानं झाकण सैल केलं. सुस्कारा टाकावा तशी हवा आत ओढली गेली. या वेळी इंजिन लागलं.

"जेवढं डिझेल बाहेर जाईल, तेवढी हवा आत यायला लागते," ती म्हणाली. "त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजवलंत. हवा येईना, म्हणून डिझेल पुढे सरकेना. भरल्या टाकीत हवा मुळातच थोडी, म्हणून ती लवकर विरळ होते आणि डिझेलला आतच ओढून धरते. आणि डिझेल बघायला झाकण उघडलं की दोष गायब. साहेब, तपासायला गेलात आणि पुरावा पुसलात."

"पण जबाब?" नानांनी विचारलं.

"महिपतराव, सगळे हसले तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मी चेष्टा केली नाही. खरंच बंद पडली."

"म्हणजे थट्टा केली नाही. अंशुलनं 'चेष्टा' हा शब्द तसाच हिंदी वाक्यात बसवला आणि तिथे त्याचा अर्थ 'प्रयत्न' झाला. ह्यांनी मराठी डोळ्यांनी वाचलं, म्हणून सही केली."

विनितानं दोन कागद शेजारी धरले. "आता ही सही बघा, नाना. भोक बुजवण्याच्या आदेशावर जी आहे, तीच चौकशीच्या अहवालावर आहे."

साहेबांनी रुमालानं मान पुसली. "टेक्निकल मॅटर आहे. ऊपर भेजना पड़ेगा." ते जिन्याकडे वळले.

मंदाताई जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन उभी राहिली.

"वर कधी पाठवायचं ते पाठवा. उद्या सकाळी ह्यांचा डबा भरू की नको, तेवढं आत्ता सांगा."